एनएचएल गोलरक्षकांची जुनी आकडेवारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आइस हॉकीच्या गोलरक्षकाचे १९२९ सालचे आकडे आणि आजचे आकडे एकाच तक्त्यात शेजारी शेजारी छापलेले असतात. म्हणून ते एकाच पद्धतीने मोजले असतील असे वाटते, पण तसे नाही. कोणता रकाना केव्हा सुरू झाला, तो सामन्याच्या रात्री भरला गेला की पुढे कित्येक वर्षांनी, आणि त्यात काय धरले किंवा वगळले, याची उत्तरे इथे आहेत. भर नॅशनल हॉकी लीगवर, म्हणजे एनएचएलवर आहे.

सुरुवातीच्या काळात गोलरक्षकाबद्दल नेमके काय नोंदवले जाई?

फारच थोडे. लीगची स्थापना २६ नोव्हेंबर १९१७ रोजी माँट्रियलमध्ये झाली आणि पहिले सामने १९ डिसेंबरला खेळले गेले. सामन्याच्या अधिकृत अहवालात दोन्ही संघांचे खेळाडू, गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला केला, आणि कोणाला किती मिनिटांची शिक्षा झाली, एवढे असे. हा अहवाल मुळात गोल करणाऱ्यांसाठी आखलेला होता, गोलरक्षकाचे आकडे त्यातून मागाहून काढावे लागत. छापील सरासरीच्या तक्त्यात त्याच्या नावापुढे सामने, त्याच्यावर झालेले गोल, शटआउट (एकही गोल न होऊ दिलेला सामना) आणि सरासरी, एवढेच रकाने येत.

किती फटके अडवले हे वर्तमानपत्रांचे वार्ताहर आपापल्या परीने मोजत. त्यामुळे एकाच सामन्याचे दोन पत्रांतले आकडे जुळले नाहीत तर नवल नाही. ही मोजणी लीगची नव्हती, वार्ताहराची होती.

गोलसरासरी कशी काढतात? जुन्या आणि नव्या पुस्तकांत ती वेगळी का दिसते?

आजचे सूत्र : झालेले गोल गुणिले ६०, भागिले खेळलेली मिनिटे. पूर्वी सोपा मार्ग होता, गोलांना सामन्यांच्या संख्येने भागायचे. सगळे सामने बरोबर ६० मिनिटांत संपले आणि गोलरक्षक मधे बदललाच नाही, तर दोन्ही उत्तरे सारखीच येतात. टेरी सॉचक यांचा १९५१-५२ चा हंगाम तसा आहे : ७० सामने, ४,२०० मिनिटे, १३३ गोल, सरासरी १.९०. कसेही भागा, तेच उत्तर.

आता माँट्रियल कॅनेडियन्सच्या जॉर्ज हेन्सवर्थ यांचा १९२८-२९ चा हंगाम घ्या. ४४ सामन्यांत ४३ गोल आणि २२ शटआउट. सामन्यांनी भागले तर ०.९८ येते. पण ते २,८०० मिनिटे खेळले होते, आणि मिनिटांच्या सूत्राने सरासरी ०.९२ होते. ४४ गुणिले ६० म्हणजे २,६४०, मग वरची १६० मिनिटे ओव्हरटाइमची. त्या हंगामात बरोबरीतल्या सामन्याला पूर्ण १० मिनिटांचा ओव्हरटाइम होता आणि मधे गोल झाला तरी खेळ थांबत नसे, म्हणजे असे १६ सामने झाले. बर्फावर जे घडले ते तेच आहे, फक्त भाजक बदलला. ०.९८ आणि ०.९२ यांपैकी एक आकडा छापखान्याची चूक आहे असे समजू नका.

पहिल्याच हंगामात, १९१७-१८ मध्ये, जॉर्ज वेझिना यांच्यावर २१ सामन्यांत ८४ गोल झाले. सामन्यांनी ४.००, आणि १,२८२ मिनिटांनी ३.९३.

ओव्हरटाइमचे नियम केव्हा बदलले?

मिनिटे तपासायची असतील तर हे पाठ हवे. १९१७ ते १९२१ या काळात गोल होईपर्यंत खेळ चाले. १९२१-२२ पासून २० मिनिटांची मर्यादा आली. १९२७-२८ मध्ये ती १० मिनिटांवर आली, पण पहिल्या गोलाला सामना संपे. १९२८-२९ पासून पूर्ण १० मिनिटे खेळली जाऊ लागली. दुसऱ्या महायुद्धात रेल्वेच्या वेळापत्रकावर ताण आल्याने २१ नोव्हेंबर १९४२ पासून साखळी सामन्यांतला ओव्हरटाइम बंदच झाला. तो परतला थेट १९८३-८४ मध्ये, पाच मिनिटांचा आणि पहिल्या गोलाला संपणारा. २००५-०६ पासून त्यानंतर शूटआउट (एकेका खेळाडूने एकट्याने गोलरक्षकासमोर जाऊन निकाल लावणे) आले आणि बरोबरी हा निकालच उरला नाही. शूटआउटमधले गोल गोलरक्षकाच्या सरासरीत धरत नाहीत, सेव्ह टक्केवारीत (अडवलेल्या फटक्यांच्या प्रमाणात) ही नाही.

म्हणून १९४२ ते १९८३ या पट्ट्यातली मिनिटे तपासायला सर्वांत सोपी. एका साखळी सामन्याची ६० पेक्षा जास्त मिनिटे दिसली तर तिथे चूक आहे हे नक्की.

हेन्सवर्थ यांची ०.९२ ही सरासरी खेळाची की नियमांची?

दोन्हींची, पण नियमांचा वाटा मोठा. त्या हंगामापर्यंत प्रतिस्पर्ध्याच्या भागात पक (खेळातली रबरी चकती) पुढे पास करता येत नसे. १९२९-३० मध्ये रिंकच्या तिन्ही भागांत पुढे पास करण्याची मुभा मिळाली आणि गोलांचा असा पूर आला की हंगामाच्या मध्यातच ऑफसाइडचा (पकच्या आधी प्रतिस्पर्ध्याच्या भागात न शिरण्याचा) नियम आवळावा लागला. त्या वर्षी लीगमध्ये सर्वांत कमी गोल झाले ते बॉस्टनच्या टायनी थॉम्पसन यांच्यावर : ४४ सामन्यांत ९८. आदल्या वर्षीच्या ४३ च्या दुपटीहून जास्त. १९२९ च्या आधीच्या आणि नंतरच्या सरासऱ्या एका क्रमवारीत लावण्यात म्हणूनच फारसा अर्थ नाही. त्या त्या हंगामात इतरांच्या तुलनेत गोलरक्षक कुठे होता, हे पाहणे जास्त प्रामाणिक ठरते.

बचावपटूंच्या नावापुढे ६०.०० अशी गोलसरासरी दिसते. ही चूक आहे का?

चूक नाही. त्या काळी गोलरक्षकाला शिक्षा झाली की त्याला स्वतःलाच शिक्षेच्या बाकावर जाऊन बसावे लागे, आणि त्याच्या जागी एखादा दुसरा खेळाडू गोलमध्ये उभा राही. पहिल्या हंगामाच्या सुरुवातीला तर फटका अडवण्यासाठी बर्फावर खाली पडणे हाही गुन्हा होता. ओटावाचे क्लिंट बेनेडिक्ट वारंवार पडत आणि तोल गेल्याचे भासवत. अखेर ९ जानेवारी १९१८ रोजी लीगने ती बंदी उठवली.

सर्वांत गाजलेला प्रसंग १५ मार्च १९३२ चा, टोराँटो विरुद्ध बॉस्टन. टोराँटोचे गोलरक्षक लॉर्न शाबो यांना प्रतिस्पर्ध्याला पाडल्याबद्दल दोन मिनिटांची शिक्षा झाली. त्यांच्या जागी रेड हॉर्नर उभे राहिले, गोल झाला. मग अ‍ॅलेक्स लेविन्स्की, पुन्हा गोल. मग किंग क्लॅन्सी, आणि तिसरा गोल. गोल झाला की शिक्षा संपण्याचा नियम १९५६ चा, त्यामुळे तेव्हा दोन मिनिटे पूर्ण भोगावीच लागत. तक्त्यात तिघांच्याही नावापुढे १ मिनिट, १ गोल आणि ६०.०० सरासरी असते.

इथे बारीक नजरेने पाहा : शिक्षा दोन मिनिटांची आणि तिघांची मिनिटे मिळून तीन. जुन्या तक्त्यांत सेकंद नसत, पूर्ण मिनिटे असत. दहा सेकंद उभा राहिलेला माणूसही एका मिनिटाचा धनी व्हायचा. एका संघाच्या सगळ्या गोलरक्षकांच्या मिनिटांची बेरीज एक-दोन मिनिटांनी चुकली, तर आधी अशा पूर्णांकांकडे पाहावे.

गोलरक्षक जखमी झाला तर? राखीव गोलरक्षक नव्हता का?

बहुतेक काळ नव्हता. १९२८ च्या स्टॅन्ली कपच्या (विजेतेपदाच्या चषकाच्या) अंतिम मालिकेत ७ एप्रिलला न्यूयॉर्क रेंजर्सचे गोलरक्षक शाबो (वरचेच, तेव्हा ते रेंजर्सकडे होते) यांच्या डोळ्यावर नेल्स स्ट्युअर्ट यांचा फटका बसला. रेंजर्सचे प्रशिक्षक लेस्टर पॅट्रिक वयाच्या ४४ व्या वर्षी स्वतः गोलमध्ये उभे राहिले आणि रेंजर्सनी ओव्हरटाइममध्ये २-१ असा सामना जिंकला. पॅट्रिक यांच्या खात्यात तेवढीच एक नोंद आहे : १ सामना, ४६ मिनिटे, १ गोल, १ विजय, सरासरी १.३०.

१९५०-५१ पासून प्रत्येक सामन्याला एक आपत्कालीन गोलरक्षक हजर ठेवणे बंधनकारक झाले. तो गरज पडेल त्या संघाकडून खेळे, मग तो संघ पाहुणा का असेना. डेट्रॉइटचे ट्रेनर लेफ्टी विल्सन यांच्या नावावर म्हणूनच तीन वेगवेगळे संघ दिसतात : डेट्रॉइट, टोराँटो आणि बॉस्टन. ज्या क्लबचा पगार घेत, त्याच्याचविरुद्ध बॉस्टनसाठी ते उभे राहिले होते. नाव तेच, संघ भलताच दिसला म्हणून ती नोंद खोडू नये.

साखळी सामन्यांत दोन गोलरक्षक पूर्ण पोशाखात तयार ठेवण्याचा नियम १९६५-६६ चा. त्यापूर्वीच्या अहवालांत ‘खेळला’ म्हणजे जवळपास नेहमीच ‘पूर्ण सामना खेळला’ असे धरता येते. ग्लेन हॉल यांनी १९५५ ते १९६२ या काळात सलग ५०२ साखळी सामने पूर्ण खेळले, तेही या पद्धतीतच.

वेझिना ट्रॉफी आकड्यांवर दिली जात असे ना? मग कमी सरासरीचा गोलरक्षक कधी कधी हुकतो कसा?

कारण ती गोलरक्षकाच्या सरासरीवर नव्हे, संघावर झालेल्या एकूण गोलांवर ठरे. क्षयाने २७ मार्च १९२६ रोजी निधन झालेल्या जॉर्ज वेझिना यांच्या स्मरणार्थ कॅनेडियन्सच्या मालकांनी ती ठेवली. १९२६-२७ मध्ये पहिली ट्रॉफी हेन्सवर्थ यांना मिळाली. ज्या संघावर सर्वांत कमी गोल, त्या संघाकडून सर्वाधिक सामने खेळलेला गोलरक्षक मानकरी, असा हिशेब होता.

यातून काय घडते ते १९५०-५१ मध्ये स्पष्ट दिसले. सॉचक डेट्रॉइटसाठी सर्वच्या सर्व ७० सामने खेळले, त्यांच्यावर १३९ गोल झाले. टोराँटोवर झाले १३८. त्यांतले ७० अल रोलिन्स यांच्यावर ४० सामन्यांत आणि ६८ टर्क ब्रोडा यांच्यावर ३१ सामन्यांत. (४० आणि ३१ मिळून ७१, म्हणजे एका सामन्यात दोघेही उतरले.) ट्रॉफी एका गोलाने रोलिन्स यांच्याकडे गेली. ब्रोडा यांच्या हातून आणखी दोन गोल सुटले असते तर रोलिन्स एकही मिनिट वेगळे न खेळता ती हरले असते.

१९६४-६५ मध्ये टोराँटोच्या सॉचक आणि जॉनी बावर यांनी ती विभागून घेण्याचा आग्रह धरला आणि दोघांची नावे लागली. पुढे किमान २५ सामने खेळलेल्या प्रत्येक गोलरक्षकाला वाटा मिळू लागला. १९८१-८२ पासून वेझिना ट्रॉफी क्लबांच्या जनरल मॅनेजरांच्या मतदानाने दिली जाते, आणि कमीत कमी गोलांचा मान विल्यम जेनिंग्ज ट्रॉफीकडे गेला. त्यामुळे ‘वेझिना विजेता’ या दोन शब्दांचा अर्थ १९८१ च्या अलीकडे आणि पलीकडे पूर्ण वेगळा आहे.

शटआउट कोणाच्या खात्यात जातो?

पूर्ण सामना एकाच गोलरक्षकाने खेळला तर त्याच्या. दोघांनी मिळून एकही गोल होऊ दिला नाही, तर शटआउट संघाचा धरतात, दोघांपैकी कोणाचाच नाही. जादा आक्रमक उतरवण्यासाठी काही सेकंद बाहेर गेल्याने शटआउट जात नाही. निर्धारित वेळ आणि ओव्हरटाइम ०-० संपून संघ शूटआउटमध्ये हरला, तरी त्या गोलरक्षकाचा शटआउट कायम राहतो.

लीगमधला पहिला शटआउट वेझिना यांचा, १८ फेब्रुवारी १९१८, टोराँटोविरुद्ध ९-०. कारकिर्दीतला विक्रम आधी सॉचक यांचा १०३ होता, आता मार्टिन ब्रोडर यांचा १२५ आहे.

सलग गोल न होऊ देण्याची मालिका मात्र सामन्यांत नव्हे, मिनिटांत मोजतात : शेवटच्या गोलाच्या क्षणापासून पुढच्या गोलाच्या क्षणापर्यंत. अ‍ॅलेक कॉनेल यांची १९२७-२८ मधली मालिका ४६१ मिनिटे २९ सेकंदांची, त्यात सलग सहा शटआउट. पुढे पास करण्याच्या मुभेनंतरच्या काळातला विक्रम ब्रायन बाउशर यांचा, २००३-०४ मध्ये ३३२ मिनिटे १ सेकंद. अशी मालिका तपासताना दोन्ही टोकांच्या गोलांची वेळ अहवालातून घ्यावी लागते. ती वेळ एका जागी चुकली तर अख्खी मालिका चुकते.

विजय आणि पराभव कोणाच्या नावावर?

निर्णायक गोल होताना जो गोलमध्ये उभा होता त्याच्या. निर्णायक गोल म्हणजे हरलेल्या संघाच्या अंतिम गोलसंख्येपेक्षा एक जास्त करणारा. समजा संघ ५-० ने पुढे असताना गोलरक्षक बदलला आणि सामना ५-४ असा संपला. निर्णायक गोल पाचवा, आणि तेव्हा पहिला गोलरक्षक उभा होता, म्हणून विजय त्याचा. दुसऱ्याने शेवटपर्यंत किल्ला लढवला असला तरी.

उलट उदाहरण २२ फेब्रुवारी २०२० चे. टोराँटोत कॅरोलायनाचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले आणि ४२ वर्षांचे आपत्कालीन गोलरक्षक डेव्हिड एअर्स उतरले. तेव्हा कॅरोलायना ३-१ ने पुढे होती, सामना संपला ६-३. निर्णायक म्हणजे चौथा गोल ते उतरल्यावर झाला, म्हणून विजय त्यांच्या नावावर. १० फटक्यांत ८ अडवले, २८ मिनिटे ४१ सेकंद, सरासरी ४.१८.

जुन्या गोलरक्षकांच्या विजयांचे एकूण आकडे अहवालांवरून मागाहून जुळवलेले असल्याने ते हलतात. २००० साली पॅट्रिक रॉय यांनी विक्रम मोडला तेव्हा सॉचक यांचे विजय ४४७ मानले गेले होते. आज लीगच्या तक्त्यात ४४५ आहेत. जुन्या बातमीत ४४७ दिसले तर ती बातमी त्या दिवशी बरोबरच होती.

सेव्ह टक्केवारी केव्हापासून मिळते?

लीगने ती अधिकृत आकडेवारी म्हणून ठेवायला सुरुवात केली १९८२-८३ मध्ये. जुन्या अहवालांतील फटक्यांच्या नोंदी वापरून तक्ते मागे १९५५-५६ पर्यंत नेले आहेत. खेळाडूवार गोलवरचे फटके १९५९-६० पासून. त्याआधीची टक्केवारी कुठे दिसली, तर ती वर्तमानपत्रांवरून उभी केलेली समजावी.

सूत्र सोपे आहे : अडवलेले फटके भागिले गोलवर आलेले फटके, तीन दशांशांपर्यंत. अवघड भाग ‘गोलवर आलेला फटका’ ठरवण्याचा. अडवला नसता तर जो आत गेला असता, तोच धरायचा. खांबाला लागून परतलेला धरत नाहीत. वाटेत बचावपटूने अडवलेला धरत नाहीत. बाहेर जाणारा पक गोलरक्षकाने हौसेने झेलला, तर तोही नाही. हा निवाडा क्षणार्धात रिंकवरचे नोंदणी कर्मचारी करतात आणि ते यजमान शहरातले असतात. एका रिंकवर हात सैल, दुसऱ्यावर आखडता. एका सामन्यात दोन फटके कमी-जास्त होणे क्षुल्लक, पण घरच्या ४१ सामन्यांत तोच कल राहिला तर टक्केवारीचा तिसरा दशांश, कधी दुसराही, हलतो. म्हणून टक्केवारी तोलताना घरची आणि बाहेरची वेगवेगळी काढून पाहावी.

गोलसरासरीला ही अडचण नाही, गोल मोजण्यात मतभेद होत नाही. तिची अडचण वेगळी : समोरच्या बचावफळीचे श्रेय आणि पाप दोन्ही गोलरक्षकाच्या माथी येते. क्रिकेटमध्ये झेल सुटला तरी धावा गोलंदाजाच्याच खात्यात जातात, तसेच.

रिकाम्या जाळ्यातले गोल?

गोलरक्षकाच्या खात्यात नाहीत, संघाच्या खात्यात आहेत. जादा आक्रमकासाठी गोलरक्षक बाहेर काढण्याची चाल बॉस्टनच्या आर्ट रॉस यांनी २६ मार्च १९३१ रोजी बाद फेरीत प्रथम वापरली. सामना बॉस्टनने १-० असा गमावलाच.

१९१७ पूर्वीचे आकडे यात धरतात का?

नाही. वेझिना १९१० पासून कॅनेडियन्सकडून खेळत होते, पण त्यांच्या एनएचएल नोंदीत १९० साखळी सामनेच आहेत. आधीची वर्षे नॅशनल हॉकी असोसिएशनची. १९७२ ते १९७९ या काळातल्या वर्ल्ड हॉकी असोसिएशनचे आकडेही वेगळे ठेवतात.

गोलरक्षकाच्या नावावर गोल कसा लागतो?

प्रतिस्पर्ध्याने स्वतःच्याच जाळ्यात पक घातला, तर आक्रमक संघातल्या ज्याचा त्याला शेवटचा स्पर्श झाला त्याला गोल देतात. न्यूयॉर्क आयलँडर्सचे बिली स्मिथ यांना २८ नोव्हेंबर १९७९ रोजी असाच पहिला गोल मिळाला. स्वतः फटका मारून गोल करणारे पहिले गोलरक्षक रॉन हेक्स्टॉल, ८ डिसेंबर १९८७.

एखाद्या जुन्या हंगामाचे आकडे स्वतः पडताळायचे असतील तर?

आधी संघाच्या सर्व सामन्यांची यादी करा आणि प्रत्येकापुढे ओव्हरटाइमसह एकूण मिनिटे लिहा. ओव्हरटाइमचा नियम त्या त्या वर्षाचाच लावा. मग गोलरक्षकांची नावे भरा. बदल झालेला सामना असेल तर बदलाची वेळ हवी. ती अहवालात नसेल, तर दोन शहरांची दोन वर्तमानपत्रे पाहा, एकावर विसंबू नका.

त्यानंतर गोलरक्षकांवरचे गोल बेरजून संघावरच्या एकूण गोलांशी ताडा. फरक निघाला तर या क्रमाने शोधा : १९३१ नंतर रिकाम्या जाळ्यातले गोल, शिक्षेच्या वेळी उभ्या राहिलेल्या खेळाडूंवरचे गोल, उसना आपत्कालीन गोलरक्षक, आणि २००५-०६ पासून शूटआउटचा पराभव. गुणतक्त्यात त्या पराभवामागे संघावर एक गोल वाढवून दाखवतात, तो गोलरक्षकाकडे कधीच सापडणार नाही.

मिनिटांची ताडणी शेवटी करा. हंगामाच्या मधे संघ बदललेल्या गोलरक्षकाची ओळ दोन ठिकाणी तुटलेली असते. त्याच्या एकूण बेरजेऐवजी फक्त या संघाची ओळ घ्या, नाहीतर शेकडो मिनिटे जास्त दिसतील.